पायाळूची कळ

बिभीषण पायाळू होता. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून आलेला. यात त्याची स्वतःची करामत काहीच नव्हती, पण वाडीनं ती जन्मभरासाठी त्याच्या गळ्यात घातली. तो चालायला लागला तेव्हापासून कोणाच्या पाठीत उसण भरली, कोणाची मान धरली, की त्याला कडेवर उचलून न्यायचे. दुखणाईत पालथा झोपायचा आणि पोरानं त्याच्या पाठीवरून उजवा पाय तीनदा फिरवायचा. बरं वाटलं तर पायाळूचा गुण, नाही वाटलं तर उसण जुनी. अशी दोन्हीकडून सोयीची विद्या होती ती, आणि तीत नापास व्हायची भीती नव्हती.

पायाळूला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणतात. म्हणून मिसरूड फुटल्यावर त्याच्या तळहातावर नारळ आडवा ठेवून, खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणून, लोक त्याला रानारानातून हिंडवू लागले. नारळ कधी उभा राहायचा, कधी नाही. पाणी कधी लागायचं, कधी नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता, आणि हे बिभीषणला मनातून कळत होतं. त्यामुळं विहीर खणायला लागले की तो चार दिवस पाहुण्यांकडं जाऊन राहायचा.

खरं पाणी त्याला पुढं, चाळिशीत कळायला लागलं. त्याला कारण झालं ऊसतोडीतलं एक पडणं.

दिवाळी झाली की युसूफ वडगावाकडची ही सगळी वाडी साखर कारखान्यांच्या वाटेला लागायची. बिभीषण आणि त्याची बायको छबुबाई, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची एक जोडी. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घ्यायच्या, ट्रकला तिरपी लावलेली फळी चढायची, मोळी आत टाकायची आणि रिकाम्या डोक्यानं परत उतरायचं. एका पहाटे दवानं फळी निसरडी झाली होती. बिभीषण उतरताना घसरला आणि उजव्या पायाच्या चवड्यावर सगळं अंग आलं. पाऊल असं खाली वळलं की बोटं जमिनीत आणि टाच पोटरीत. घोटा भोपळ्याएवढा सुजला. छबुबाईनं बिब्बा तापवून टाचेवर फासला. त्यानं कातडी गेली, पण आतली कळ तशीच राहिली.

सूज उतरल्यावरही एक गोष्ट मागं उरली. सपाटीवर चालताना काही नाही, चढतानाही काही नाही. पण उतार लागला, पाऊल पुढं खाली झुकलं, की घोट्याच्या मागं, टाचेच्या जाड शिरेच्या आत कुठंतरी खोल, चिमटा बसायचा. टोळीत त्याची थट्टा व्हायची. "ओझं घिऊन चढतो आन् मोकळा उतरताना रडतो! मुलखाउलटं बेनं हाय बे हे," म्हणून त्रिंबक मुकादम हसायचा. याचं उत्तर बिभीषणला सापडलं ते पुढच्या उन्हाळ्यात, जानकीबाईच्या रानात.

जानकीबाई म्हणजे वाडीतली विधवा, दोन म्हशींवर संसार ओढणारी. तिला विहीर खणायची होती. रिवाजाप्रमाणं तिनं बिभीषणचा उजवा पाय तांब्याभर पाण्यानं धुतला, कुंकू लावलं, आणि तो नारळ घेऊन निघाला. वरच्या अंगाला काही झालं नाही. ओढ्याकडं उतरायला लागला आणि कळ अशी आली की नारळ हातातून सुटला आणि तो मटकन खाली बसला. "हितंच!" जानकीबाई ओरडली. खणलं तर सहा पुरुष खोलीवर पाणी.

त्यानंतर नारळ सुटला तो सुटलाच. आता पाय बोलत होता. एकापाठोपाठ सात विहिरींना पाणी लागलं. केजहून जीपा यायला लागल्या. फळीवरून आपण पडलो नव्हतो, कुणीतरी आपल्याला पाडलं होतं, असं बिभीषणला वाटायला लागलं. जन्मभर लोकांनी ज्या गुणाचं कौतुक केलं तो गुण आपल्यात खरोखर आहे, हे त्याला पहिल्यांदा पटलं. विहीर खणताना पाहुण्यांकडं जायचं त्यानं सोडलं. आता तो काठावर बसून चहा प्यायचा.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस चुकला आणि दुसऱ्या वर्षी आलाच नाही. त्या सातही विहिरींचे तळ उघडे पडले. ओढ्याकाठची खोल पाडलेली बोरं पाण्याऐवजी हवा ओढायला लागली. माणसांना टँकरचं पाणी दोन दिवसांआड, घराला चार घागरी. जनावरांसाठी टँकर नव्हताच.

वाडीत नाव घेण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दूध संस्था. पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, आणि त्रेसष्ट सभासदांची दीडशेवर जनावरं. संस्था झाल्यापासून बाया ऊसतोडीला जायच्या थांबल्या होत्या, पोरं शाळेत टिकली होती. चेअरमन अर्जुनराव, जमीनवाल्या घरातला, पण माणूस सरळ. त्यानं सभा बोलावली आणि ठराव झाला: संस्थेनं एक बोर पाडायचं, जनावरांपुरतं. तेही संस्थेच्याच जागेत, कारण कुणाच्या रानात पाडलं तर उद्या तो म्हणायचा पाणी माझं. संस्थेची जागा होती माळावर, उतारावरचा दीड एकर खडक. भूजलवाले साहेब येऊन बघून गेले होते आणि मान हलवून जीपमध्ये बसले होते. बोरच्या गाड्यांना तेव्हा जिल्हाभर मागणी, त्यामुळं वाडीच्या वाट्याला एकच दिवस आला होता. पाणी लागलं तर जनावरं राहणार, नाही लागलं तर बाजारात जाणार आणि संस्थेला कुलूप लागणार. यात तिसरी वाट नव्हती.

"मामा," अर्जुनराव भर सभेत म्हणाला, "आता तुमचा पाय हाय आन् आमी हावोत."

त्या दिवशी पाय धुवायला पाणी छबुबाईनं दिलं. घरच्या चार घागरींतला तांब्या. तिच्या मोरी म्हशीला त्या सकाळी बादलीऐवजी अर्धीच बादली मिळाली होती आणि ती दावणीला उभी राहून रिकामी बादली चाटत होती. बिभीषणनं ते पाहिलं. सगळी वाडी मागं घेऊन तो माळ चढला. चढताना काही नाही. वरून खाली वळला आणि पहिल्याच पावलाला कळ. दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही. असं कधी झालं नव्हतं. एवढं पाणी? त्याचा ऊर भरून आला. मधल्या दगडी तालीवरून, म्हणजे उताराला आडव्या घातलेल्या बांधावरून, खाली पाय टाकला तेव्हा तर डोळ्यांपुढं अंधारी आली. तो बसला तिथं चुन्याची फुली मारली गेली. बाया रडायला लागल्या. अर्जुनरावानं सगळ्यांदेखत त्याच्या पायाला हात लावला.

गाडी यायला आठ दिवस होते. पण त्या दिवसापासून घोट्याची सूज उतरेना. बिभीषणला सपाटीवरही लंगडावं लागायला लागलं. सहाव्या दिवशी छबुबाई म्हणाली, "बोर पडस्तोवर तरी पाय धड पायजे. जावा, दाखवून या." म्हणून तो एसटीनं अंबाजोगाईला गेला, मोठ्या दवाखान्यात.

हाडांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरीण बाई तरुण होती, बोलायला साधी. तिनं फोटो काढवून घेतला, दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये झोपवून तपासलं, मग त्याला खाटेवर बसवून पाय हातात घेतला. आजवर त्या पायाला ज्यांनी ज्यांनी हात लावला होता ते सगळे वाकून लावायचे. हिनं नुसता धरला. एका हातानं टाच पकडली, दुसऱ्यानं पाऊल झपकन खाली दाबलं.

कळ आली. तीच, जानकीबाईच्या रानातली आणि तालीवरची.

"हीच का?" बाईनं विचारलं.

बिभीषण खाटेखाली बघत होता. खाली फरशी होती. फरशीखाली दुसरा मजला, त्याच्याखाली पहिला, त्याच्याखाली औषधांचं दुकान आणि माणसांची रांग. पाणी कुठंच नव्हतं.

"पुन्हा एकडाव दाबा," तो म्हणाला. बाईनं दाबलं. पुन्हा आली.

टेबलावर पायाच्या हाडांचा सांगाडा होता, तारेनं बांधलेला. तो पुढं घेऊन ती समजावू लागली. नडगीची दोन हाडं खाली येतात आणि घोड्यावर खोगीर बसावं तशी पायाच्या या हाडावर बसतात. ती हलू नयेत म्हणून चहूबाजूंनी चिवट पट्ट्या असतात. मागच्या बाजूला एक पट्टी त्या दोन्ही हाडांना एकमेकांशी बांधते. तिच्या खाली एक, आणखी खोल, बाहेरच्या घोट्यापासून आतल्या हाडाकडं आडवी जाते. आणि या दोघींच्या मधून काही माणसांत आणखी एक बारीक पट्टी असते. "तुम्ही पडलात तेव्हा या पट्ट्या फाटल्या, आणि भरून येताना जाड झाल्या. आता पाऊल खाली वळलं की ही मागची फट मिटते आणि मधली पट्टी हाडांत चेमटते. दार लावताना मध्ये सुतळी सापडावी तशी. म्हणून चढताना दुखत नाही, उतरताना दुखतं."

बिभीषणनं एका शब्दाला धरून ठेवलं होतं. "काही माणसांत म्हन्ला तुमी. म्हंजी पायाळू मान्सात आसंल का ती?"

बाईला प्रश्न कळला नाही, पण तिनं उत्तर प्रामाणिक दिलं. "निम्म्या लोकांत असते, बाबा. त्यात विशेष काही नाही."

तिनं घोट्याला पट्टा बांधला, गोळ्या दिल्या. दीड महिना अनवाणी चालायचं नाही, उतारावर तर मुळीच नाही.

एसटीत खिडकीशी बसून बिभीषणनं सातही विहिरी एकेक करून डोळ्यांपुढं आणल्या. प्रत्येक रानात तो वरून खाली उतरला होता. प्रत्येक रानात कळ आली ती ओढ्याच्या अंगाला, खोलगट भागात, जिथं पाऊल खाली झुकतं. आणि पाणी तिथंच असतं. ते शोधायला पायाळू लागत नाही, आंधळ्यालाही ते सापडलं असतं. इतकी वर्षं त्यानं चहा पीत पीत काठावर बसून पाहिलं ते त्याच्या पायाचं नव्हतं, उताराचं होतं. आणि माळावर? माळ सगळाच उताराचा. तिथं पावलापावलाला कळ यायचीच, खाली पाणी असो की कातळ. त्याला एसटीत रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याचा पाय लई दुखतोय.

वाडीत उतरला तो घरी न जाता थेट संस्थेत गेला. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. अर्जुनराव, जानकीबाई आणि दहाबारा सभासद तिथंच होते. बिभीषणनं सगळं सांगितलं: पट्टी, फट, तिसरा मजला. आपल्याच पायाची बदनामी तो जीव तोडून करत होता. "पानी न्हाई माळावर. माज्या कळंवर जाऊ नका. गाडीवाल्याला खालतीकडं वळवा, कुनाच्या बी रानात, हात जोडतो."

सगळे त्याच्या पट्ट्याकडं बघत होते.

"गोळ्या किती खाल्ल्या?" अर्जुनरावानं हळूच विचारलं.

"चार."

जानकीबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बया! कळ मारून टाकली का ह्यांनी! तुमी दवाखान्यात गेलताच कावून? ती कळ काय दुखनं हाय व्हय? दिलेली हाय ती."

"जानके, तितं तिसऱ्या मजल्यावर आली कळ. तितं काय पानी होतं?"

"टाकी आसती की गच्चीवर," कोणीतरी मागून म्हणालं. आणि सगळ्यांनी मान डोलावली.

अर्जुनराव शिकलेला होता. बारावी झालेला. बिभीषण त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, की हा तरी बोलेल. अर्जुनरावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, खालतीकडचं समदं रान तपासून झालंय, तिथली बोरं कोरडी हायती. तुमचा पाय सोडून मी लोकाला काय दाखवू, सांगा. दीडशे जनावराच्या डोळ्यात बघून मी काय सांगू?" मग तो म्हणाला, "उद्या सकाळी पट्टा काढून एकदा चाला. कळ न्हाई आली तर गाडी तशीच खालतीकडं वळवतो. शब्द हाय माजा."

ही एवढी एकच फट उघडी राहिली होती. बिभीषणनं ती धरली. कळ आली तरी आली नाही म्हणायचं, एवढंच तर करायचं होतं. उद्या गाडी खाली वळली तर कदाचित एखाद्या खोलगट जागी, आणखी खोल, काही सापडेल. रात्रभर तो मनाशी तेच घोकत होता. नारळाच्या काळात तो किती खोटं बोलला होता, त्याची गणती नव्हती. आता खऱ्यासाठी एक खोटं.

सकाळी तमिळनाडूच्या नंबरची बोरची गाडी माळाच्या पायथ्याला येऊन उभी होती. छबुबाईनं पुन्हा तांब्याभर पाणी आणलं. पट्टा काढला. सूज वाढलेलीच होती. तो माळ चढला, वळला आणि उतरायला लागला. पहिलं पाऊल, चिमटा. तोंड कोरं ठेवलं. दुसरं, तिसरं. दात दाबून तो नुसता पुढं बघत होता. ताल आली. चुन्याची फुली दिसत होती. त्यानं पाय खाली टाकला आणि आत काहीतरी दोन हाडांत सापडून दबलं, दबतच राहिलं. तो बसला नाही. उभा राहिला.

"न्हाई आली," तो म्हणाला.

आवाजसुद्धा बरा निघाला होता. पण जानकीबाई त्याच्या पायाकडं बघत नव्हती, तोंडाकडं बघत होती. "डोळ्यात पानी आलंय!" ती किंचाळली. "बघा, बघा! खोटं बोलत्यात! आली कळ, आली!"

वाडी सगळी धावली. कोणी त्याच्या पाया पडलं, कोणी नारळ फोडला. मामा इतके दिवस आपली परीक्षा बघत होते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. बिभीषण ओरडत राहिला, "आरं दुखतंय म्हनून रडतोय! नुस्तं दुखतंय!" पण तोवर गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

साठ फुटांपर्यंत मुरूम आला. मग काळा कातळ. मग पांढरी भुकटी, जी दुपारपर्यंत थांबलीच नाही. ती लोकांच्या पापण्यांवर, बायांच्या डोक्यावरच्या पदरांवर, रिकाम्या घागरींच्या काठावर बसली. दोनशे फूट, चारशे, सहाशे. दर नवा रॉड खाली गेला की अर्जुनराव हाताची ओंजळ करून भुकटीखाली धरायचा, चिमटीत चोळायचा, ओल लागते का बघायचा. सातशेला गाडीवाल्यानं हात हलवला. मशीन बंद झालं.

बिभीषणला वाटलं, आता लोक दगड घेऊन येतील. त्याला ते चाललं असतं. पण कोणी आलं नाही. माळ उतरून त्याच्याजवळून जाताना जानकीबाई फक्त म्हणाली, "चार गोळ्यांनी घात केला, मामा." आणि तिच्या आवाजात राग नव्हता. कीव होती.

चौथ्या दिवशी जनावरांचे टेम्पो लागले. संस्थेच्या वजनकाट्याला पोतं गुंडाळलं गेलं. जानकीबाईच्या दोन्ही म्हशी पहिल्या टेम्पोत गेल्या. मोरी चढता चढेना. फळी तिरपी लावली होती, तिच्यावर ती पुढचे पाय टेकवायची आणि मागं घ्यायची. शेवटी छबुबाईनं स्वतः दावं धरून तिला वर नेलं आणि मग फळीवरून एकटी खाली उतरली. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती. रडली नाही.

घरी आल्यावर तिनं कोनाड्यातली गोळ्यांची पाकिटं घेतली आणि चुलीत टाकली. पट्टाही टाकला. त्याचा रबर जळल्याचा वास घरभर पसरला. मग तिनं परात आणली, बिभीषणपुढं ठेवली, आणि घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी, उद्या संध्याकाळपर्यंत पुरवायचं सगळं, परातीत ओतलं.

"छबे, काय करतीस? पेयाला काय ऱ्हाईल?"

"पाय टाका हितं."

"आगं, त्या पायात काय न्हाई. तुला किती डाव सांगू. सुतळी हाय आत, चेमटलेली."

"टाका म्हन्ते ना." तिनं स्वतःच त्याचा उजवा पाय उचलून परातीत ठेवला आणि धुवायला लागली. तिच्या तळव्यांवर कोयत्याचे घट्टे होते. बोटाच्या सांध्यात दाव्यानं कापल्याची ताजी रेघ होती. ती खाली मान घालून धूत होती आणि पुटपुटत होती, की गोळ्यांचं इख उतरंल, चार दिसांत उतरंल, मग पुन्यांदा चालून बघू, कुनी न्हाई आलं तरी आपून दोघं चालू. म्हैस गेली ती गेली. पाय तर हाय. एवढा तर आपल्यात हाय.

बिभीषणनं पाय काढून घ्यायला हात गुडघ्याला लावला, आणि काढला नाही. तिच्याजवळ आता दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. धुता धुता तिनं पाऊल पुढं ओढलं, ते पाण्यात खाली झुकलं, आणि घोट्याच्या मागं, आत खोल, चिमटा बसला. त्याचं अंग आखडलेलं तिच्या हाताला कळलं. तिनं वर पाहिलं.

"आली?" तिनं विचारलं.

"आली," बिभीषण म्हणाला.